चित्र काचेवर की काचेत?

बॉस्टनच्या कॉप्ली स्क्वेअरमधलं ट्रिनिटी चर्च बघायला येणारे बहुतेक लोक आधी इमारत बघतात, मग भिंतींवरची चित्रं, आणि वेळ उरलाच तर खिडक्या. हा क्रम उलटा करून बघावा. रंगीत काचेच्या कलेतला एक जुना वाद या एकाच इमारतीत अगदी समोरासमोर बसवलेला आहे. चित्र काचेवर रंगवायचं, की काचेतूनच घडवायचं? पूर्वेकडच्या खिडक्यांचं उत्तर एक, पश्चिमेकडच्या मोठ्या खिडकीचं दुसरं. कुठली खिडकी कशी म्हातारी होते आणि तिच्या दुरुस्तीत हात कुठे भाजतात, तेही या उत्तरावरच ठरतं.

आधी थोडा इतिहास, कारण खिडक्या कुणी आणि का लावल्या हे त्याशिवाय कळत नाही. ही पॅरिश, म्हणजे या चर्चची मंडळी, १७३३ सालची, म्हणजे अमेरिका हा देश होण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा ती चर्च ऑफ इंग्लंडची होती आणि तिथल्या प्रार्थनेत इंग्लंडच्या राजासाठी आशीर्वाद मागितला जाई. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिश फौजा बॉस्टन सोडून गेल्या, तेव्हा राजनिष्ठ रेक्टर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू, विल्यम वॉल्टर हेही गेले. त्यांचे सहायक सॅम्युएल पार्कर मागे राहिले. जुलैमध्ये राजाची प्रार्थना गाळायचं ठरलं आणि दारं उघडी राहिली. एक परिच्छेद वगळून चर्च वाचवलं, असंच म्हणावं लागेल. हे पार्कर पुढे १८०४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले आणि काही महिन्यांतच वारले. दरम्यान १७८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात चर्च ऑफ इंग्लंडच्या अमेरिकेतल्या शाखेने, म्हणजे एपिस्कोपल चर्चने, स्वतःची घटना आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक स्वीकारलं. बिशप कायम राहिले, राजा गेला.

या व्यवस्थेत पॅरिशच्या मालमत्तेचा कारभार व्हेस्ट्री नावाचं निवडून आलेलं मंडळ बघतं. खिडक्यांच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. पैसे बहुधा एखादं कुटुंब देतं, परवानगी व्हेस्ट्रीची लागते आणि खिडकीच्या तळाशी दिवंगताचं नाव येतं. त्यामुळे अशा चर्चच्या खिडक्या एकाच योजनेतून क्वचितच घडतात. त्या वीस, तीस, पन्नास वर्षांत एकेक करत भरत जातात आणि दर वेळी त्या काळाची आवड सोबत आणतात. सारख्या दिसणाऱ्या खिडक्यांची शिस्त हवी असेल त्याने एपिस्कोपल चर्चकडे फिरकू नये.

ट्रिनिटीची आधीची ग्रॅनाइटची इमारत समर स्ट्रीटवर होती, १८२९ सालची. फिलिप्स ब्रूक्स १८६९ मध्ये रेक्टर म्हणून आले. वस्ती बॅक बे या नव्या भागाकडे सरकत होती, म्हणून तिकडे जायचा निर्णय झालेलाच होता. तेवढ्यात ९ आणि १० नोव्हेंबर १८७२ च्या मोठ्या आगीत जुनं चर्च जळालं. नव्या इमारतीचं काम वास्तुकार एच. एच. रिचर्डसनला मिळालं आणि ९ फेब्रुवारी १८७७ ला तिचं पवित्रीकरण झालं. बॅक बे ही भर घालून तयार केलेली जमीन आहे. म्हणून चर्च सुमारे ४,५०० लाकडी खांबांवर उभं आहे आणि मधल्या मनोऱ्याचा भार ग्रॅनाइटच्या चार पिरॅमिडांवर येतो. प्रत्येक पिरॅमिड तळाशी सुमारे ३५ फूट लांब-रुंद आणि १७ फूट उंच. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत टिकतं. भूजल खाली गेलं, हवा लागली, की बुरशी कुजवायला लागते. खिडक्यांच्या लेखात पायाचं काय काम? पाया हलला की त्याची पहिली खबर बऱ्याचदा काच देते. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या रेषा न जुमानता चार-पाच तुकड्यांतून तिरकी जाणारी भेग दिसली, तर ती दगडफेकीची नसते. तिथे भिंत सरकलेली असते. ती काच आधी बदलण्यात अर्थ नसतो, नवीही तशीच तडकते.

आता पूर्वेकडे वळू. वेदीच्या मागच्या अर्धगोलातल्या सात खिडक्या लंडनच्या क्लेटन अँड बेल या कारखान्याच्या, १८७७-७८ सालच्या. विषय ख्रिस्ताचं जीवन. अमेरिकेत माणसांच्या आकृती असलेल्या खिडक्या त्याआधी बनल्याच नव्हत्या असं नाही. विल्यम जे बोल्टनने न्यूयॉर्कजवळच्या पेल्हममध्ये १८४३ मध्ये तशी खिडकी केली होती, आणि पुढे भाऊ जॉनला हाताशी घेऊन ब्रुकलिनच्या होली ट्रिनिटीच्या साठ खिडक्या १८४८ पर्यंत पुऱ्या केल्या. ही दोन्ही चर्चंही एपिस्कोपलच. पण आगीनंतरच्या बॉस्टनमधल्या श्रीमंत कुटुंबांना खात्रीचा माल हवा होता, आणि खात्रीचा माल म्हणजे इंग्लिश माल. क्लेटन अँड बेलखेरीज बर्लिसन अँड ग्रिल्स आणि हेन्री हॉलिडे यांची कामंही इथे आहेत. विल्यम मॉरिसच्या कारखान्यात चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सच्या आराखड्यांवरून बनलेल्या १८८२ च्या खिडक्या तर मुद्दाम शोधून बघाव्यात. बायबलमधला राजा दावीद मुलाला, शलमोनाला, मंदिर बांधण्याची आज्ञा देतो, ही त्यातलीच. नव्या चर्चसाठी याहून नेमका विषय सापडला नसता.

ही इंग्लिश पद्धत मध्ययुगापासून फारशी बदललेली नाही. रंग काचेच्या रसातच असतो, कोबाल्टने निळा, तांब्याने लाल किंवा हिरवा. तांब्याचा लाल इतका गडद होतो की सबंध काच त्याची केली तर काळी दिसेल. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. पूर्ण मापाच्या आराखड्यावरून प्रत्येक तुकड्याचा कागदी साचा निघतो. तो तीन पात्यांच्या कात्रीने कापतात. मधलं पातं दीड-पावणेदोन मिलिमीटरची चिंधी काढून टाकतं आणि तेवढीच जागा तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीच्या मधल्या कण्याला लागते. ही चिंधी विसरली तर दहा तुकड्यांनंतर पॅनेल पंधरा मिलिमीटरने फुगतं आणि दगडाच्या खाचेत बसत नाही. शिकाऊ माणसाची पहिली चूक बहुधा हीच असते.

चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या मात्र काचेवर रंगवतात. हा रंग म्हणजे लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड आणि सहज वितळणाऱ्या काचेची पूड. बाभळीचा डिंक घालून तो पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये घोटतात. आधी रेषा ओढतात. मग सगळीकडे पातळ हात मारून, बॅजरच्या केसांच्या रुंद ब्रशने तो एकसारखा पसरतात. सुकल्यावर काडीने, सुईने, ताठ ब्रशने जिथे उजेड हवा तिथून खरवडतात. इथे उजेड घालायचा नसतो, सावली काढून घ्यायची असते. मग भट्टी, साधारण ६२० ते ६८० अंश सेल्सिअस. पिवळा रंग वेगळा. तो चांदीच्या क्षाराचा असतो, काचेच्या मागच्या बाजूला लावतात आणि तो वर न बसता काचेत मुरतो. त्याला आच थोडी कमी लागते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून देवदूतांचे केस आणि संतांची प्रभामंडळं याच रंगाने सोनेरी झालेली आहेत.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे भट्टी. आच कमी पडली तर रंग काचेला धरत नाही आणि दहा-वीस वर्षांत चेहरे पुसट होऊ लागतात. १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांनी रंग लवकर वितळावा म्हणून त्यात टाकणखार वाढवला. टाकणखाराची काच ओलाव्यात विरघळते. खिडकीच्या आतल्या बाजूला दव धरलं की रंगाचा थर हळूहळू सुटतो. मॉरिसच्या कारखान्यालाही हा त्रास चांगलाच भोवला. म्हणून त्या काळातली कुठलीही इंग्लिश खिडकी पुसायच्या आधी कोपऱ्यातली एक रेषा ओल्या कापसाच्या बोळ्याने टेकून बघायची. बोळ्यावर तपकिरी डाग आला तर तिथेच थांबायचं. घरची काच पुसायचा अमोनियावाला द्रव तर कधीच नाही. आयनमुक्त पाणी, फार तर थेंबभर सौम्य डिटर्जंट, आणि घासायचं नाही, बोळा फिरवायचा. चर्चच्या उत्साही स्वयंसेवकांनी पुसलेले चेहरे परत आणता येत नाहीत. नवा चेहरा रंगवता येतो, पण तो नवाच असतो.

आता पाठ वेदीकडे करून पश्चिमेकडे बघायचं. तिथे गॅलरीच्या वर तीन उंच, अरुंद खिडक्या मिळून एक चित्र आहे, जॉन ला फार्जचा ‘वैभवी ख्रिस्त’, १८८३. ब्रूक्स प्रवचनाला उभे राहत तेव्हा ही खिडकी त्यांच्या समोर येई. ख्रिस्तामागे फिरोजी निळाई आहे, आणि ती रंगवलेली नाही. जाड, खडबडीत, थरांच्या काचेतून ती येते आणि पृष्ठभाग सपाट नसल्यामुळे एकेक ठिपका वेगळा चमकतो. शेजारच्या इंग्लिश खिडकीवरून नजर इकडे आणली की डोळ्यांना क्षणभर सवय करून घ्यावी लागते.

ला फार्ज मुळात चित्रकार. या चर्चच्या भिंती त्यानेच मदतनिसांच्या फौजेसह १८७६-७७ च्या हिवाळ्यात रंगवल्या; मदतनिसांत तरुण शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सही होता. १८७३ मध्ये इंग्लंडला गेला असताना त्याने बर्न-जोन्सच्या मंडळींचं काम पाहिलं आणि काचेचं वेड घेऊन परतला. त्याला खटकत होतं ते हे, की काचेवरचा रंग म्हणजे शेवटी उजेडाच्या वाटेत घातलेली माती. सावली हवी तर काच काळी करायची, हा कसला उपाय? आजारपणात बिछान्यावर पडला असताना दंतमंजनाच्या दुधी काचेच्या डबीतून पलीकडचा उजेड त्याला दिसला आणि तिथून ओपलेसंट काचेची कल्पना सुचली, असं सांगतात. दुधी काच तोवर डब्या-वाट्यांसाठीच वापरली जाई. हाडांची राख किंवा तत्सम पदार्थ घातलेली ही काच उजेड सरळ जाऊ देत नाही, आत विखरते. त्यामुळे एकाच तुकड्यात ढगासारख्या छटा मिळतात आणि ब्रश न लावता गोलाई भासते. २४ फेब्रुवारी १८८० ला त्याला या पद्धतीच्या खिडकीचं पेटंट मिळालं, क्रमांक २,२४,८३१. लुई टिफनीची पेटंटं त्याच्या पुढच्या वर्षीची. नाव मात्र टिफनीचं झालं. टिफनी मोठा कारखानदार होता आणि ला फार्ज व्यवहारात कच्चा, एवढंच त्याचं स्पष्टीकरण मला तरी पुरेसं वाटतं. फ्रान्सने मात्र दाद दिली. बफेलोच्या ट्रिनिटी चर्चसाठी केलेली त्याची खिडकी १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली आणि त्याला लेजन ऑफ ऑनर हा फ्रेंच सन्मान मिळाला.

ओपलेसंट काचेत हवी ती छटा एका तुकड्यात मिळाली नाही, तर त्यामागे दुसरा तुकडा ठेवतात. कधी तिसरा, चौथाही. याला प्लेटिंग म्हणतात. समोरून बघणाऱ्याला फक्त खोली जाणवते. मागून हात फिरवला तर पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर लागतो. चेहरे आणि हात मात्र या पद्धतीतही रंगवूनच करावे लागतात. तत्त्व कितीही शुद्ध असलं तरी नाक दुधी काचेतून घडवता येत नाही.

खरी डोकेदुखी या थरांमध्येच असते. दोन काचांमधल्या फटीत शंभर वर्षांची काजळी आणि ओलावा शिरतो आणि तो बाहेरून पुसता येत नाही. खिडकी मळकी, तपकिरी दिसू लागते आणि लोकांना वाटतं कलाकाराला असाच उदास रंग हवा होता. शिवाय वजन. तीन थरांच्या पॅनेलला तिप्पट काच, पण शिसं तेच. इंग्लिश खिडकी सैल झाली तर सगळं शिसं उलगडून नवं घालणं हे कष्टाचं, पण ठरलेलं काम आहे. ला फार्जची खिडकी उलगडायची म्हणजे प्रत्येक थराचा वेगळा नकाशा लागतो. म्हणून हात लावण्याआधी प्रत्येक पॅनेलचा मागून उजेड टाकून एक आणि समोरून उजेड टाकून एक असा फोटो घेतात. कागद अंथरून मेणाच्या खडूने शिशाच्या रेषांचा ठसा उतरवतात आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात. वरून पहिला थर उचलला की पुन्हा फोटो, पुन्हा क्रमांक. एक तुकडा चुकून उलटा बसला तर रंग तोच राहतो, पण छटा भलतीकडे वळते आणि वस्त्राची चुणी मोडते. असे उलटे तुकडे जुन्या दुरुस्त्यांमध्ये सर्रास सापडतात.

शिसं थकतं कसं, हे दोन्ही पद्धतींना सारखंच लागू आहे. तापलं की शिसं काचेच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं. दुपारी ताणतं, रात्री आकसतं, वर्षात शेकडो वेळा. मऊ असल्यामुळे ते सहन करतं, पण हळूहळू पॅनेल फुगतं. सांध्याजवळ, जिथे डाख दिलेला असतो, तिथे केसासारखी भेग पडते, कारण डाख शिशाहून कडक असतो. चांगलं शिसं शंभर वर्षं आरामात जातं. पण थोडासा फुगवटा दिसला म्हणून घाबरून खिडकी उतरवू नये. तळहात हलकेच टेकवून दाबावं. पॅनेल घट्ट असेल, काच खुळखुळत नसेल, तर नोंद करून दरवर्षी मोजत राहावं. फुगवटा चार सेंटिमीटरच्या जवळ गेला, शिसं तुटलं, काच आणि शिशामधली फट भरणारी लांबी पिठासारखी गळू लागली, की मग कारागीर बोलवावा.

ही लांबी म्हणजे जवसाचं तेल, खडूची पूड, थोडं टर्पेंटाइन आणि शिशाशी रंग जुळावा म्हणून काजळी. ती ताठ ब्रशने शिशाच्या पाकळीखाली दोन्ही बाजूंनी ठासतात, वर कोरडी खडूपूड टाकून जास्तीचं तेल शोषून घेतात आणि पॅनेल दोन आठवडे आडवं ठेवतात. घाई केली तर खिडकी उभी केल्यावर तेल ओघळतं. खिडकीचं पाणी अडवणारी आणि काचेला शिशात स्थिर ठेवणारी गोष्ट हीच. काच शिशाला चिकटवलेली नसते, लांबीत तरंगत असते. प्लेट लावलेल्या तुकड्यांच्या मध्ये मात्र लांबी शिरता कामा नये. शिरली तर समोरून काळा ओघळ दिसतो आणि काढायला सगळं परत उलगडावं लागतं. तिथे कड आधी बंद करून घेतात.

काच तरंगती ठेवण्याचं महत्त्व कळायला ट्रिनिटीच्या शेजारीच बघावं. साठ मजली जॉन हॅनकॉक टॉवर बांधताना त्याच्या मोठाल्या काचा एकामागून एक निखळू लागल्या आणि रिकाम्या चौकटींत प्लायवूड ठोकावं लागलं. शेवटी सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या. दुहेरी काचेच्या मधली शिशाची जोडणी काचेला इतकी पक्की धरून होती की हलायला जागाच नव्हती, त्यामुळे ताण काचेवर आला. मध्ययुगातल्या कारागिराला हे गणित हाताने ठाऊक होतं. त्याच टॉवरच्या खोदाईने ट्रिनिटीचा पाया सरकला, भिंतींना तडे गेले, आणि चर्चने कोर्टात जाऊन भरपाई मिळवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती कायम केली.

बाहेरून लावतात त्या संरक्षक काचेबद्दलही सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूने सर्वाधिक नुकसान इथेच होतं. दगड आणि गारांपासून बचाव म्हणून रंगीत खिडकीबाहेर साधी काच किंवा पॉलिकार्बोनेटचा तक्ता बसवतात आणि कडा गच्च बंद करतात. मधल्या पोकळीत उन्हाळ्यात भट्टी होते आणि हिवाळ्यात पाणी साचतं. टाकणखाराच्या रंगाला आणि शिशाला याहून वाईट काही नाही. पोकळी ठेवायची तर तिला वर आणि खाली हवेच्या वाटा हव्यात, कीटक शिरू नयेत म्हणून जाळीसह. पॉलिकार्बोनेट काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याच्यामागचा ला फार्जचा फिरोजी मग शेवाळी दिसतो.

वाद पुढे कुणी जिंकला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनमध्येच काचकलावंत चार्ल्स कॉनिकने ओपलेसंटविरुद्ध आघाडी उघडली. काच पारदर्शक हवी, चमचमती हवी, खिडकी भिंतीत भोक पाडून लावलेलं तैलचित्र नव्हे, असं त्याचं म्हणणं. त्याचा कारखाना १९१३ पासून १९८६ पर्यंत बॅक बेमध्ये, चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. ट्रिनिटीत मार्गारेट रेडमंडच्या १९२० च्या दशकातल्या खिडक्या याच मध्ययुगाकडे परतणाऱ्या वळणाच्या आहेत. तिच्या आधी याच पॅरिशच्या सदस्य असलेल्या सारा वायमन व्हिटमनने पॅरिश हाउसमध्ये ब्रूक्स यांच्या स्मरणार्थ खिडकी केली, १८९५-९६ मध्ये. व्हिटमन पुस्तकांची वेष्टणं आखण्यात नावाजलेली होती आणि कमी रेषांत जागा मोकळी सोडायचं ते कसब तिच्या काचेतही उतरलंय. मला विचाराल तर इथल्या सगळ्या खिडक्यांमध्ये सर्वात कमी लोक बघतात ती हीच, आणि तिला वेळ द्यावा.

बघायला जाताना दुर्बीण न्यावी. पूर्वेच्या खिडक्या ढगाळ सकाळी, पश्चिमेचा ख्रिस्त दुपार कलल्यावर. थेट ऊन पडलेलं असताना रंगवलेल्या काचेतले बारकावे दिपून जातात, तिला ढगाळ दिवस मानवतो. ओपलेसंटचं उलट. तिला ऊन हवं, नाहीतर ती दुधाळ आणि सुस्त दिसते. संध्याकाळी आत दिवे लागले की इंग्लिश खिडक्या आतून काळ्या पडतात. तेव्हा बाहेर चौकात येऊन उभं राहावं. इंग्लिश खिडक्यांतून बाहेर पडणाऱ्या उजेडात शिशाच्या रेषांचं जाळं दिसेल. ला फार्जच्या दुधी काचा मात्र आतल्या दिव्याने अंधुक उजळलेल्या असतात.